भाऊजींची पेटी आणि यांची भीती

आमच्या यांना घाबरायला कारण लागत नाही. उलट खरं कारण मिळालं की त्यांना जरा बरंच वाटतं, शोधत बसावं लागत नाही. गॅस स्वतःच्या हाताने बंद करतील, बटण चाचपतील, वास घेतील, दाराला कुलूप लावतील आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा कुलूप उघडायला परत येतील. रस्ता ओलांडताना माझं मनगट असं धरतात की वळ उठतात. साधी शिंक आली तरी रक्तदाब मोजायला बसतात. गल्लीने त्यांचं नाव ठेवलंय शंकासुर. ते इतकं मुरलंय की पोस्टमनसुद्धा दारात येऊन विचारतो, "शंकासुर आहेत का घरात?" सुरुवातीला मी भांडले. मग म्हटलं जाऊ दे, खोटं थोडंच आहे!

पण खरं सांगायचं तर या घाबरटपणावरच आमचं घर चाललंय. पुढच्या खोलीत यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, पंखे, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते. दुसरा मेकॅनिक वस्तू चालू झाली की परत देऊन टाकतो. हे वस्तू चालू झाली की घाबरतात. का चालू झाली? किती वेळ चालेल? नेऊन लावली आणि धूर निघाला तर? मग ती वस्तू टेबलावर तशीच घरघरत राहते आणि मी तिच्या आवाजात स्वयंपाक करते. गिऱ्हाईक वैतागतं, चार शब्द सुनावून जातं, आणि पुढच्या वेळी पुन्हा यांच्याकडेच येतं.

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या भावाने विमान उडवण्याच्या कामाला लावलं.

भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. दोघं एकाच आईची लेकरं आहेत हे कुणाला सांगून पटायचं नाही. भाऊजी कारखान्यात लेथवर होते. आवाज मोठा, हसणं मोठं, जेवण मोठं. सुट्टीच्या दिवशी ते शहराबाहेरच्या मैदानावर विमान उडवायचे. खेळण्यातलं नाही बरं का! मी दोन्ही हात पसरले तरी पंख माझ्या बोटांच्या बाहेर जातात एवढं मोठं, पुढे छोटं इंजिन, आणि पंखा फिरायला लागला की बोट कापून काढील असा. जमिनीवर उभं राहून पेटीवरच्या दोन दांड्या हलवायच्या आणि विमान आकाशात वळायचं. पेटी म्हणजे ट्रान्समीटर. जुना, जाड पत्र्याचा, कोपरे घासून चकचकीत झालेला, वर माणसाच्या हाताएवढी लांब ओढून काढायची ॲन्टेना, आणि दोन दांड्यांच्या मधोमध काचेचं छोटं मीटर. भाऊजी त्या पेटीला जेवढं जपायचे तेवढं जाऊबाईंना जपलं असतं तर, असं जाऊबाईच म्हणायच्या.

मग एका सकाळी दाढी करता करता भाऊजी खाली बसले ते बसलेच. डावी बाजू गेली. हात, पाय, तोंडाचा कोपरा. जीव वाचला, जीभ हळूहळू वळायला लागली, पण चाकांच्या खुर्चीतून काही ते उठले नाहीत.

यांचं धाबं दणाणलं. भावासाठी तर खरंच, रात्रंदिवस दवाखान्यात हेच होते. पण आणखीही एक होतं, आणि ते बोलून दाखवायची यांची हिंमत नव्हती. माझे सासरेही याच आजाराने गेले. अशीच डावी बाजू, असंच जवळपास वय. आता भाऊजी. पुढची कडी कुणाची ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? तेव्हापासून हे जेवताना डावा हात मुठीत आवळून बघतात. मी बघतेय असं दिसलं की डोकं खाजवल्यासारखं करतात.

आणि ती खुर्ची. भावाची खुर्ची हे पुसणार, चाकांना तेल देणार, कुरकुर झाली की उलटी करून दुरुस्त करणार, दोन गल्ल्या ढकलत फिरवून आणणार. पण तिच्यात बसणार नाहीत. एकदा भाऊजींना पलंगावर झोपवलं होतं, घरात चार पाहुणे आले, बसायला जागा उरली नाही. खुर्ची रिकामी होती. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "अहो बसा ना तिथे." हे चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. चहा गार झाला तरी उभेच. मला दिसलं.

तर या भाऊजींनी एके दिवशी यांना समोर बसवलं आणि म्हणाले, "मला एकदा उडवायचंय."

"दादा, अरे एका हाताने..."

"एका हाताने जमेल असं करून दे. तू मेकॅनिक आहेस का मी?"

"मग नवीन पेटी घेऊ. हल्ली तयार मिळतात, प्लास्टिकच्या."

"त्या नकोत. धरून बघितलीय एक. हातात काही आहे असंच वाटत नाही. माझा अंगठा या दांडीला ओळखतो, आणि आता माझ्याजवळ एवढा अंगठाच शहाणा उरलाय." मग म्हणाले, "आणि हे बघ, पेटीला भोक पाडायचं नाही. भोक पाडलंस तर माझ्या डोक्याला पाडलंस असं समजेन."

हे घरी आले ते तोंडचं पाणी पळालेलं. "विमान पडलं तर? कुणाच्या डोक्यात पडलं तर? दादाला उडवताना काही झालं तर?" मी म्हटलं, "मग नाही म्हणून सांगा." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी घाणेरडं बोलले.

पेटी आमच्या टेबलावर आली. मागचं झाकण उघडलं तर आत सेल फुटून हिरवट बुरशीसारखं काहीतरी सगळीकडे पसरलेलं. जुनी सर्किटची पट्टी, तिच्यावर रंगीत कड्यांचे तुकडे, आणि एक छोटा चकचकीत क्रिस्टल. हे मला समजावून सांगत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण घाबरलेल्या माणसाला बोलत ठेवलेलं बरं असतं, म्हणून मी भाजी निवडत ऐकत होते. पूर्वी म्हणे प्रत्येक पेटीला एक नंबर असायचा. मैदानावर त्याच नंबरची दुसरी पेटी कुणी चुकून चालू केली की दोन्हीतलं एक विमान गेलंच खाली. हल्लीच्या पट्ट्या हुशार आहेत, त्या आणि विमान आपसांत ओळख ठेवतात, मध्ये कुणी बोललं तरी ऐकत नाहीत.

जुनं पोट सगळं काढलं. दांड्या तेवढ्या ठेवल्या. त्या खोलल्या, ब्रशने पुसल्या, पुन्हा जोडल्या. त्यांच्या तारा नव्या पट्टीला डाग देऊन लावल्या. डावा हात लागूच नये म्हणून सगळी वळणं उजव्या दांडीवर आणली आणि इंजिन कमी-जास्त करायला उजव्या अंगठ्यापाशी जुन्या बटणाच्या जागी एक छोटा खटका बसवला. जुन्या पट्टीत हे करताच आलं नसतं, म्हणाले. त्या वेळी यांचा चेहरा मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? काम चालू असताना हे घाबरत नाहीत. काम संपलं की घाबरतात.

अडलं ते ॲन्टेनाशी. जुनी लांब ॲन्टेना नव्या पट्टीला चालत नाही, तिला बोटाएवढी तार लागते. ती पेटीच्या आत ठेवली तर पत्रा सिग्नल बाहेर सोडत नाही. डब्यात तोंड घालून हाक मारल्यासारखं. बाहेर काढायची तर भोक पाडायला हवं, किंवा जुनी ॲन्टेना उपटून तिच्या जागी बसवायला हवी. भाऊजी फोनवर एवढंच म्हणाले, "ॲन्टेना काढशील तर तू माझा भाऊ नाहीस." बोबड्या जिभेने म्हणाले, म्हणून जास्तच लागलं.

मग यांना मीटर दिसलं. सगळ्या पत्र्यात काच तेवढी त्या मीटरला. आतलं मीटर सरकवून त्यांनी तार बरोबर त्या काचेमागे बसवली. जुनी ॲन्टेना वर तशीच, नुसती शोभेला. "या खिडकीतून ती बाहेर बघते," हे म्हणाले आणि काचेवर हलकेच बोट आपटलं.

नंतरचे दिवस विचारू नका. तपासणी! मी विमान छातीशी धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं, हे दारात पेटी गळ्यात अडकवून उभे, आणि शेपटीची फळी हलते का ते मी ओरडून सांगायचं. "हलतंय का?" "हलतंय!" "आणखी लांब जा!" सगळी गल्ली गॅलरीत. शेजारीण म्हणाली, "उडत का नाही मग?" मी म्हटलं, "आमच्याकडे विमानसुद्धा माणसं चालवत नेतात." उन्हात तपासलं, पावसाळी हवेत तपासलं, पेटी हलवून तपासलं, मिक्सर चालू ठेवून तपासलं, गळ्यात, छातीशी, डोक्यावर धरून तपासलं. एक गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यात आधी केली होती. सिग्नल तुटलाच तर विमानाने काय करायचं ते आधीच शिकवून ठेवता येतं. त्यांनी शिकवलं, की इंजिन एकदम मंद कर आणि हळूहळू वळत खाली ये. "म्हणजे निदान जोरात कुणावर जाणार नाही," ते म्हणाले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस पडायची तयारी आधी करतो आणि उडायची नंतर.

ठरलेल्या सकाळी आम्ही मैदानावर गेलो. भाऊजी खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर पेटी. डावा हात जाऊबाईंनी खुर्चीच्या हातावर नीट ठेवलेला. दाढी केलेली, केस विंचरलेले. जाऊबाई म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे तयार झाले नव्हते."

मैदान रिकामंच होतं. फक्त पलीकडच्या टोकाला इस्पितळाचा धोबीखाना होता आणि त्याच्या दोऱ्यांवर चादरींच्या पांढऱ्या रांगा वाळत होत्या. यांनी त्या बघितल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण हे काहीच बोलले नाहीत. घाबरल्यावर बोलतात ते ठीक असतं. गप्प झाले की समजावं.

इंजिन यांनीच चालू केलं. पंख्याला काठीने टिचकी मारली, आवाज झाला, जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले. भाऊजींनी अंगठ्याने खटका पुढे केला. विमान गवतावरून धावलं, एकदा उसळलं, आणि उठलं.

काय सांगू! भाऊजींचं तोंड अर्धंच हसतं, पण त्या दिवशी ते अर्धं तोंड दोघांएवढं हसत होतं. विमान वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं, लांब गेलं, पुन्हा आलं. "बघितलंस? बघितलंस का रे?" ते ओरडत होते. हे मात्र विमानाकडे बघतच नव्हते. खाली मान घालून नुसता आवाज ऐकत उभे होते, जीव मुठीत धरून. मी म्हटलं, "अहो, वर बघा तरी!"

तेवढ्यात आवाज बदलला.

इंजिन मंद झालं. मला वाटलं भाऊजींनीच केलं. पण यांची मान झटकन वर आली आणि चेहरा पांढराफटक. तो मंद आवाज त्यांनीच शिकवलेला होता ना! दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी त्यांना कळलं. "सिग्नल गेला," ते म्हणाले. म्हणाले कसले, ओठ हलले नुसते.

"ऐकत नाही रे!" भाऊजी दांडी इकडेतिकडे ओढत होते. "काही ऐकत नाही!"

विमान पलीकडच्या टोकाला होतं आणि हळूहळू वळत खाली येत होतं. चादरींकडे. आणि तेव्हा मला दिसलं, की चादरींच्या खालून दोन पाय दिसताहेत. कुणीतरी बाई आत वाळलेल्या चादरी काढत होती. पाय एका रांगेखालून दुसऱ्या रांगेखाली जात होते. तिला ना विमान दिसत होतं ना ते येतंय हे ठाऊक होतं. "अहो बाई! बाजूला व्हा!" मी ओरडले, पण एवढ्या लांब काय जाणार? माझा घसा चिरकला नुसता.

हे धावले आणि भाऊजींच्या मांडीवरून पेटी सरळ उचलून घेतली. उचलल्याबरोबर इंजिन गरजलं! सिग्नल आला! पण आता पेटी यांच्या हातात, आणि यांना तर उडवता येत नाही. कधीच आलं नाही. हातांचा थरथराट एवढा की जुनी ॲन्टेना वाऱ्यातल्या काडीसारखी हलत होती. विमान वेडंवाकडं डोलायला लागलं.

"दे इकडे!" भाऊजी ओरडले. "मेलास तरी तुला जमणार नाही ते! दे!"

यांनी पेटी पुन्हा उशीवर ठेवली. भाऊजींनी दांडी पकडली. आणि इंजिन पुन्हा मंद झालं.

हे खाली गुडघ्यावर बसले. मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. घाबरलेला माणूस धडपडतो तरी, हे धडपडतच नव्हते. "मी सगळं तपासलं होतं," एवढंच पुटपुटत होते, "मी सगळं तपासलं होतं."

आणि मी जाऊबाईंकडे बघितलं. का बघितलं ते देवाला ठाऊक. त्या रडत होत्या आणि रडता रडता रोजचंच काम करत होत्या. भाऊजींचा डावा हात खुर्चीवरून घसरून लोंबकळला की सुजतो, म्हणून त्या दिवसातून शंभरदा तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवतात. बघायलाही लागत नाही त्यांना, सवयच झालीय. आताही त्यांनी तो उचलून ठेवला होता. मांडीवर पेटी होती, म्हणून पेटीवर. मधोमध. काचेवर.

"हात!" मी किंचाळले. "हात उचला! खिडकी झाकलीय!"

कुणाला काही कळलं नाही, आणि कळायची वाट कोण बघतंय! मी झेप घेतली आणि भाऊजींचा हात मनगटाला धरून वर ओढला. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर मोठ्याने हसलेसुद्धा नाही, त्यांचा हात मी शाळेतल्या पोरासारखा हवेत धरला होता. जड होता. निर्जीव माणसाचा असावा तसा जड, आणि गरम.

इंजिन गरजलं. भाऊजींनी दांडी पोटाशी ओढली. विमानाने नाक वर केलं, चाकं वरच्या दोरीला घासली, एक चादर सुटून भप्पकन खाली आली, आणि विमान वर गेलं. ती बाई दोन चादरींच्या मधून बाहेर आली, वर बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि हातवारे करून काय काय बोलली. ऐकू आलं नाही ते बरंच झालं. मी म्हटलं, बोल माये, हवं तेवढं बोल.

भाऊजींनी विमान उतरवेपर्यंत मी तो हात सोडला नाही. खांदा भरून आला. जाऊबाई माझी कंबर धरून उभ्या होत्या, जणू मीच पडणार होते. चाकं गवताला लागली, विमान थोडं धावलं आणि थांबलं. मग कुठे माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर डोकं भडकलं. माझं तसंच होतं. भीती गेली की जागा रिकामी राहत नाही.

"सगळं तपासलंत ना?" मी यांच्यावर उसळले. "मिक्सर लावून तपासलंत, डोक्यावर ठेवून तपासलंत, मला विमान घेऊन अख्ख्या गल्लीत वरातीसारखं फिरवलंत! उडवणार कोण होतं? उभं राहून उडवणार होते का ते? एकदा, एकदा तरी त्या खुर्चीत बसून..."

आणि मी जीभ चावली. उशीर झाला होता.

हे गवतात बसले होते, डाव्या हाताची मूठ आवळून. मग भाऊजी म्हणाले, "त्याला रागावू नकोस गं. मला ठाऊक आहे. माझ्या घरी तो भिंतीला टेकून उभा असतो." मग जरा हसले. "अरे धाकट्या, मी बसलोय ना, मला विचार. वाईट आहे. पण तू समजतोस तेवढं नाही."

हे मान वर करेनात.

"चला," भाऊजी म्हणाले, "झालं माझं उडवून. त्या बाईची माफी मागून या आणि पेटी कपाटात ठेवा. कुणाचा जीव घेऊन मला विमान नको." आणि त्यांनी उजव्या हाताने पेटी उशीवरून सरकवली. पेटी आमच्याकडे सरकवताना चेहरा दुसरीकडे वळवला. नुकताच केवढा हसत होता तो माणूस.

हे उठले. पँटला लागलेलं गवत झटकलं. मी ओळखते तो आवाज नव्हता त्यांचा, घोगरा काहीतरी होता. "दादा, भोक पाडावं लागेल."

भाऊजींनी पेटीकडे बघितलं. "पाड," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला तर आधीच पडलंय."

"कुठे पाडायचं ते बघावं लागेल. बसलेल्या माणसाचा हात कुठे कुठे जातो ते." मग माझ्याकडे वळले. "सतरंजी आणलीयस ना? अंथर. दादाला जरा खाली घेऊ या."

आम्ही तिघांनी भाऊजींना सतरंजीवर बसवलं, पाठीला जाऊबाई. आधी यांना धोबीखान्याकडे पाठवलं. ते त्या बाईला हात जोडून, पडलेली चादर झटकून, पुन्हा वाळत घालून आले. मला वाटलं, एवढ्यात विचार बदलतील. परत आले ते खुर्चीसमोर उभे राहिले. चाकाचा ब्रेक लावला. लागलाय का ते तपासलं. पुन्हा तपासलं. मी म्हणणार होते, राहू द्या हो, मी बसते. म्हणाले नाही. कपाळावर घाम होता त्यांच्या, आणि मानेची शीर उडताना मला दिसत होती.

आणि ते बसले. थंड पाण्यात उतरावं तसे हळू, डोळे मिटून. उशी घेतली, पेटी घेतली. डावा हात उचलून, हो, उजव्या हाताने उचलून, भाऊजींसारखा मांडीवरच्या पेटीवर टाकला. खांदा भाऊजींसारखा एका बाजूला सोडला.

"विमान घे," मला म्हणाले. "इंजिन बंदच आहे. चालत जा. शेपटीकडे बघ."

मी विमान छातीशी धरून चालायला लागले. "हलतंय का?" "हलतंय!" "लांब जा." मी लांब गेले. "आता?" "हलतंय!" आणखी लांब गेले. मग फळी थांबली. मी वाट बघितली. मागून आवाज नाही. फळी हलत नव्हती आणि हे काही विचारत नव्हते.

मी मागे वळले. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही, बसण्याची ढब तेवढी ओळखू येते. खुर्चीत भाऊजीच बसले होते. तीच कललेली मान, तोच पेटीवर पडलेला हात. फक्त भाऊजी तर सतरंजीवर होते. विमान माझ्या हातातून सुटलंच असतं. म्हणजे हे रोज स्वतःला असंच बघत होते. ताटावर बसल्यावर, दाढी करताना, मला रस्ता ओलांडून देताना, इतकी वर्षं हा माणूस हे बघत होता, आणि मी त्याला शंकासुर म्हणत होते.

"अहो!" मी ओरडले. "उठा! पुरे झालं, उठा आता!"

खुर्चीतला माणूस हलला नाही. मी विमान धरून धावायला लागले.

आणि तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला. वर, पार डोक्याच्या वर, पाची बोटं पसरून, आणि मला दिसावा म्हणून हलवला. माझ्या छातीशी धरलेली शेपटीची फळी टकटक करत हलायला लागली.

"हलतंय का गं?"

"हलतोय!" मी रडत ओरडले. "हलतोय हो, हलतोय!"